डाडची कोर्सयादी: फिजिक्सवाल्यांनी आधी हीच उघडावी

जर्मनीत एमएस्सी फिजिक्स करायचंय? डाड (DAAD) म्हणजे जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था, तिच्या साइटवरची इंटरनॅशनल प्रोग्रॅम्सची यादी बघा. फुकट आहे. विषय, इंग्रजी माध्यम, फी असे फिल्टर लावले की पसारा आवरतो. आमच्या सांगलीत एका कन्सल्टन्सीने एवढ्याच माहितीचे पैसे मागितले होते!

फीचा रकाना मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण हायडेलबर्ग विद्यापीठ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, तिथे आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो. कोर्स दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा. दुसरं वर्ष बहुतेक ठिकाणी संशोधन आणि थिसिसलाच. मला तर हेच हवंय. ब्रिटनच्या वर्षभराच्या एमएस्सीत एवढी सवड कुठली? एपीएस प्रमाणपत्राचा (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मनीसाठी लागणारा दाखला) अर्ज तेवढा लवकर टाका.