पंख्याची घरघर, मागाची खडखड: सॉक्स वापरावं की एफएफएमपेग?

सोलापुरात घरी रेकॉर्डिंग करायचं तर दोन आवाज धरूनच चालावं लागतं: एप्रिल-मेमध्ये बंद करण्याची सोय नसलेला पंखा आणि पूर्व भागात असाल तर भिंतीपलीकडचा यंत्रमाग. भजनी मंडळाचं भजन असो, आजीच्या ओव्या असोत की जुन्या विणकराची अर्धी तेलुगू, अर्धी मराठी मुलाखत, मोबाइलवरची फाइल टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, साफ करायला बसलं की सॉक्स (SoX) की एफएफएमपेग (FFmpeg) हा प्रश्न येतोच. सॉक्स फक्त आवाजावर काम करणारा प्रोग्राम, एफएफएमपेग आवाज आणि व्हिडिओ दोन्हींवर. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि लिनक्सवर एका ओळीत बसतात, त्यामुळे ते सोडून पुढे जाऊ.

पंख्याच्या बाबतीत सॉक्सला मान द्यायलाच हवा. बोलायला सुरुवात करण्याआधी फोन दोन सेकंद नुसता चालू ठेवायचा. त्यातला पहिला दीड सेकंद ट्रिम करून, म्हणजे कापून, सॉक्सच्या नॉइजप्रोफ या इफेक्टला द्यायचा, की पंख्याच्या आवाजाचा नमुना एका छोट्या फाइलीत उतरतो. मग पूर्ण रेकॉर्डिंगवर तो नमुना वजा करणारा नॉइजरेड हा इफेक्ट चालवायचा आणि वजाबाकीचं प्रमाण 0.2 ते 0.3 ठेवायचं. प्रमाण लिहिलंच नाही तर सॉक्स 0.5 धरतं आणि माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलतोय असं वाटतं. आज्ञेची रचनाही सरळ आहे: आधी आत येणारी फाइल, मग बाहेर जाणारी, मग ज्या क्रमाने हवेत त्या क्रमाने इफेक्ट. आवाज कापला गेला, म्हणजे क्लिपिंग झालं, तर सॉक्स इशारा देतं. एफएफएमपेग असं काही आपणहून सांगत नाही.

मागाची खडखड मात्र दोघांनाही आवरत नाही. नमुना घेऊन वजा करण्याची युक्ती एकसुरी आवाजालाच लागू पडते. माग ठोके देतो, आणि प्रत्येक ठोका बोलण्याच्याच पट्टीत घुसतो. त्यावर खरा उपाय लाइट गेल्यावर रेकॉर्ड करणं. पंखा आणि माग एकदमच गप्प होतात.

एफएफएमपेगमध्ये हेच काम एएफएफटीडीएन हा फिल्टर करतो. ‘काहीच फरक पडत नाही’ ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. कारण साधं आहे. नको असलेल्या आवाजाची त्याने धरलेली पातळी, म्हणजे एनएफ, मुळात उणे 50 डेसिबलवर असते आणि खोलीतला पंखा बहुतेक वेळा त्याच्या वरच असतो. एनएफ उणे 40 ते उणे 35 पर्यंत आणा, एनआर, म्हणजे किती डेसिबलने आवाज कमी करायचा ते, 12 ते 15 ठेवा आणि टीएन, म्हणजे बदलत्या पातळीशी आपोआप जुळवून घेणं, चालू करा. बऱ्यापैकी साफ होतं. सॉक्सइतकं नितळ नाही, पण मोबाइलवर ऐकणाऱ्याला फरक कळेल असं वाटत नाही. सॉक्ससारखा नमुना इथेही देता येतो, फक्त ती आज्ञा दर वेळी शोधूनच लिहावी लागते.

इथपर्यंत पारडं सॉक्सकडे झुकलेलं दिसेल. अडतं ते फाइलीपाशी. बहुतेक फोन एमफोरए (.m4a) फाइल देतात, आत एएसी पद्धतीने दाबून लहान केलेला आवाज असतो, आणि सॉक्सला ती उघडताच येत नाही. या एक्स्टेन्शनला हँडलर नाही, म्हणजे हा फाइलप्रकार मला वाचता येत नाही, एवढं सांगून ते थांबतं. डेबियन-उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सगळ्या फॉरमॅटचं जादा पॅकेज टाकलं तरी एमपीथ्रीची सोय होते, एमफोरएची नाही. मूळ प्रकल्पाची 14.4.2 ही आवृत्ती 2015 ची, त्यामुळे वाट पाहण्यातही अर्थ नाही. मग आधी एफएफएमपेगने वेव्ह, म्हणजे न दाबलेली .wav फाइल, करा, सॉक्समध्ये साफ करा, आणि पाठवण्यासाठी पुन्हा एफएफएमपेगने एएसी करा. एक तासाची स्टिरिओ फाइल 48 किलोहर्ट्‌झ, 16 बिटला सुमारे 690 एमबी होते, आणि साफ केलेली धरून अशा दोन. मधली फाइल टाळून पाइप लावून, म्हणजे एफएफएमपेगमधला आवाज थेट सॉक्समध्ये, ओतावं म्हटलं तर नमुन्यासाठी एकदा आणि सफाईसाठी एकदा, असं दोनदा ओतावं लागतं. एका फाइलीला हे चालून जातं. यात्रेत रेकॉर्ड केलेल्या चाळीस तुकड्यांना नाही. आणि दोन्ही टोकांना एफएफएमपेग लागतंच, तर मधल्या मुक्कामाला सॉक्स कशाला, हा विचार एकदा मनात आला की जात नाही.

व्हिडिओ असेल तर तुलनाच संपते. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीच्या चित्रणातला आवाज दुरुस्त करायचा तर एफएफएमपेग चित्र जसंच्या तसं कॉपी करतं आणि फक्त आवाज नव्याने बांधतं. सॉक्सला व्हिडिओ हाताळताच येत नाही.

आवाजाची पातळी सारखी करायलाही एफएफएमपेगचं लाउडनॉर्म हे फिल्टर बरं. बोलण्यासाठी उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) ठेवावं. सॉक्समधल्या लाउडनेस नावाच्या इफेक्टला भुलू नका, त्याचं काम वेगळंच आहे. लाउडनॉर्मची एक खोड मात्र आहे. एकाच फेरीत चालवलं तर ते सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, 192 किलोहर्ट्‌झवर नेतं आणि वेव्ह चौपट फुगते. शेवटी हा रेट ठरवणारा पर्याय एआर 48000 लिहिला की झालं.

एफएफएमपेगची दुसरी खोड व्हाइल-रीड लूपमध्ये, म्हणजे यादीतली फाइलींची नावं एकेक वाचून तीच आज्ञा चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, दिसते. लूपसाठी असलेलं इनपुट एफएफएमपेग स्वतःच वाचत बसतं, फाइलींच्या नावांची सुरुवातीची अक्षरं गिळतं, आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून आपणच गोंधळतो. हे वाचणं बंद करणारा नोएसटीडीइन हा पर्याय लावायचा. उलट, त्याच नावाची फाइल आधीच असेल तर एरवी एफएफएमपेग विचारून थांबतं. सॉक्स न विचारता वर लिहितं: दोन फाइली ऐकण्यासाठी प्ले ही सॉक्सचीच आज्ञा लिहायची होती आणि चुकून सॉक्स लिहिलं गेलं, तर दुसऱ्या नावाची फाइल गेलीच समजा.

तुमचा रेकॉर्डर थेट वेव्ह देत असेल, काम निव्वळ आवाजाचं असेल आणि फाइली दोन-चारच असतील, तर सॉक्सपासून सुरुवात करायला हरकत नाही. फोनवरच्या फाइली असतील तर मी थेट एफएफएमपेगच उघडतो. फक्त एखाद्या आजीचा आवाज फारच बारीक असेल आणि पंखा वरचढ असेल, तेव्हा तेवढ्या एका फाइलीची वेव्ह काढून सॉक्सकडे देतो.