ज्युरी ड्यूटी, मॅसॅच्युसेट्स: साडेचार तारे, अर्धा खुर्च्यांनी खाल्ला

नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि टपालात समन्स. पोटात गोळाच आला. आपल्या कानाला समन्स म्हणजे कोणीतरी आपल्यावर केस ठोकली, एवढंच माहीत. लेक म्हणाली, "आई, तू आरोपी नाहीस, ज्युरी आहेस." म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपैकी एक.

दिलेली तारीख सोयीची नव्हती, ती ऑनलाइन पाच मिनिटांत पुढे ढकलली. वर्षभराच्या आतली तारीख मागता येते. या पायरीला पैकीच्या पैकी. न सांगता दांडी मारली तर मात्र २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

इथला हिशेब सोपा आहे: एक दिवस किंवा एक खटला. दिवसभरात निवड झाली नाही तर सुटलात, झाली तर तो खटला संपेपर्यंत यायचं. पहिल्या तीन दिवसांचा पगार मालकाने द्यायचा, चौथ्यापासून राज्य दिवसाला ५० डॉलर देतं. मी दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं केलं, पण पगार दिला.

कोर्टाचं नाव लिहीत नाही. हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीन तास काढले आणि कंबरेने असहकार पुकारला. कॉफीचं मशीन बंद. वेळ घालवायला राज्याच्या इतिहासाचं पुस्तक नेलं होतं. त्यात वाचलं की १७८० च्या इथल्या संविधानात 'सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' असं लिहिलंय. त्याचाच आधार घेऊन १७८३ मध्ये क्वॉक वॉकर या गुलाम म्हणून राबवलेल्या माणसाच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश कुशिंग यांनी ज्युरीला सांगितलं की गुलामगिरी या संविधानात बसत नाही. पुढचं पान उलटणार तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला. हे राज्य स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवतं, त्यामुळे पुकाराही 'कॉमनवेल्थ विरुद्ध अमुक'. न्यायाधीशांनी विचारलं, केवळ पोलीस आहे म्हणून एखाद्याच्या साक्षीवर जास्त किंवा कमी विश्वास ठेवाल का? मी "नाही" म्हटलं आणि मनात चरकले. आयुष्यभर पोलीस दिसला की रस्ता बदललेली बाई मी.

जिल्हा न्यायालयात सहा जणांची ज्युरी, पण बसवतात सात. साक्षीदार एकच, तरुण पोलीस. आरोपीला सरळ रेषेवर नऊ पावलं चालायला लावलं, तो डगमगला, असं त्याने सांगितलं. बचावाच्या वकीलबाईंनी आवाज न चढवता विचारलं, "तिथे रस्ता सपाट होता?" तो अहवालाची पानं चाळत राहिला. पुढे, मागे, परत पुढे. शेवटी म्हणाला, "थोडा उतार होता." माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वहीत 'उतार' लिहून खाली दोन रेघा मारल्या. श्वासाच्या चाचणीचं नाव दोन दिवसांत कोणी काढलं नाही. आरोपीने फुंकायला नकार दिला असेल तर ते इथे ज्युरीपुढे आणता येत नाही, हे मला खटला संपल्यावर कळलं. बरंच झालं. आधी कळलं असतं तर मी त्याच्यावरच अडकले असते.

रात्री घरी चकार शब्द काढायचा नाही, तसा हुकूमच. यजमानांनी आमटीच्या निमित्ताने दोनदा खडा टाकून पाहिला.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली, कायदा समजावून झाला आणि क्लार्कने एक पिंप गरगर फिरवलं. चर्चेला सहाच जण जाणार, सातवा चिठ्ठीने बाहेर. प्रमुख ज्युरर न्यायाधीशांनी आधीच नेमलेला, त्याला या सोडतीतून सूट. उरलेल्या सहांतून एक चिठ्ठी निघाली. माझी!

सगळं ऐकलं, पानंच्या पानं टिपलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मला वेगळ्या खोलीत बसवलं. निकाल लागेपर्यंत घरीही जाता येत नाही, कारण सहांपैकी कोणी आजारी पडलं तर मी हवी. अर्धा तारा कापायचा मोह इथेही झाला, पण चिठ्ठीवर राग कसला धरायचा.

ज्युरी म्हटलं की आमच्या घरात नौदल अधिकारी नानावटींचा मुंबईतला खुनाचा खटलाच निघतो: १९५९, ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष, आणि न्यायाधीशांनी न मानलेला कौल. इथे सहाच्या सहांचं एकमत लागतं, आणि त्यांनी निर्दोष म्हटलं की न्यायाधीशांनाही ते फिरवता येत नाही.

पाऊण तासाने आत बोलावलं. निर्दोष. आरोपीने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, ती सोडली. माझ्या टिपणांची वही कोर्टाने ठेवून घेतली. घरी पोचते तोच यजमानांनी विचारलं, "आता तरी सांग, तू काय म्हटलं असतंस?"

"दोषी," मी म्हटलं. मग उतार आठवला. आमटी गरम करायला ठेवली आणि म्हटलं, "थांब जरा, विचार करते."