पी-टू-पी कर्जाच्या ॲपमध्ये अडकलेले १,४२,५३० रुपये

बँकेला मध्ये न घेता एका सामान्य माणसाने दुसऱ्याला ॲपवरून कर्ज द्यायचे, या पी-टू-पी प्रकारात मी एकूण २,४०,००० रुपये घातले. त्यांपैकी १,४२,५३० रुपये मुद्दल आजतागायत परत आलेले नाही. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अद्याप निकाली निघालेली नाही. परंतु नाशिकमध्ये माझ्यासारखे आणखी कितीतरी निवृत्त लोक याच पद्धतीने अडकले असतील, अशी माझी खात्री आहे.

हे पैसे मी हावरटपणाने गुंतवलेले नाहीत. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी संपल्यावर हाती आलेल्या रकमेपैकी हा एक भाग होता. पतसंस्थेत ठेव बुडाली म्हणून कार्यालयाच्या दारात उभी राहिलेली माणसे मी आपल्या जिल्ह्यात पाहिली आहेत, म्हणूनच पतसंस्थेचा मार्ग टाळला आणि ही कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का हे आधी तपासले. ती नोंदलेली होती. ‘काका, बँक सात टक्के देते, इथे बारा मिळतात आणि पैसे कधीही काढता येतात,’ असे कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, आणि ॲपच्या पहिल्याच पानावरही तेच लिहिलेले होते. नोंदणी म्हणजे रिझर्व्ह बँकेची हमी नव्हे, आपल्या पैशांची कोणतीही जबाबदारी ती बँक घेत नाही, हे वाक्य मात्र संमतीच्या लांबलचक मजकुरात खाली कुठेतरी होते. बँकेतील ठेवीला असणारे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण येथे लागू नाही, हेही तो प्रतिनिधी बोलला नाही.

एप्रिल २०२३ मध्ये २५,००० रुपये टाकले, नंतर ७५,०००. ॲपने ते हजार-हजाराचे तुकडे करून अनोळखी कर्जदारांना वाटले. एक बुडाला तरी बाकीचे फेडतात, असे त्यामागचे कारण सांगितले जाते आणि ते ऐकायला पटतेही. तरीही मी सावधगिरी म्हणून ५,००० रुपये काढून पाहिले. दुसऱ्याच दिवशी ते बँकखात्यात जमा झाले, माझा विश्वास बसला आणि मी आणखी १,४०,००० रुपये भरले.

जे लक्षात यायला हवे होते ते नेमके त्याच दिवशी समोर होते. प्रत्येक कर्जाचे करारपत्र माझ्याकडे होते आणि त्यात परतफेडीची मुदत बारा महिन्यांची होती. ज्या माणसाला मी बारा महिन्यांसाठी पैसे दिले, त्याने एका रात्रीत ते परत कसे केले? त्याने केलेच नव्हते. माझ्या जागी दुसरा एखादा नवा माणूस बसवून त्याचे पैसे मला दिले गेले होते. पैसे वेळेवर परत आले हीच धोक्याची खूण होती, आणि ती खूण पाहून कोणताही सरळ माणूस निश्चिंतच झाला असता, कारण वेळेवर पैसे देणाऱ्यावर संशय घ्यायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही. एवढे मात्र मी आता प्रत्येकाला बजावून सांगतो की करारातील मुदत आणि जाहिरातीतील ‘कधीही काढा’ या दोन गोष्टी जुळत नसतील तर एक रुपयाही भरू नका.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. हा प्रकार ठराविक परताव्याची गुंतवणूक म्हणून विकायचा नाही, एका धनकोचे पैसे दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी वापरायचे नाहीत आणि बुडालेले मुद्दल व व्याज हे सर्वस्वी धनकोचेच नुकसान, असे त्यात स्पष्ट झाले. त्यानंतर ॲपवरील पैसे काढण्याची सोय गेली आणि ‘कर्जदार फेडतील तसे जमा होईल’ अशी सूचना झळकली. तेव्हापासून माझे ९२,४७० रुपये तुकड्या-तुकड्यांनी आले आणि पुढे वसुली आटली. २०२३-२४ या वर्षात ॲपने मला १९,७४६ रुपये व्याज मिळाल्याचे दाखवले होते. ते माझ्या हातात न देता परस्पर पुन्हा कर्जाऊ दिले गेले, त्यावर मी ४,१०७ रुपये आयकर भरला, आणि बुडालेले मुद्दल मात्र त्या व्याजातून वजा करता येत नाही असे सनदी लेखापालांनी सांगितले. व्याज आपोआप पुन्हा गुंतवण्याची खूण ॲपमध्ये आधीच केलेली असते. ती पहिल्या दिवशी काढून टाका.

यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की ओटीपी तुम्हीच दिला, पैसे तुम्हीच भरले, त्यामुळे हा सायबर गुन्हा नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, तो दाखवला तर उत्तर आले की ही ठेव नव्हे, तुम्ही कर्ज दिले आहे, ही दिवाणी बाब आहे. दिवाणी न्यायालयात जायचे तर कोणाविरुद्ध जायचे? करार कंपनीशी नाही, वेगवेगळ्या राज्यांतील अनोळखी कर्जदारांशी आहे, आणि प्रत्येकाकडे हजार रुपये थकलेले आहेत. एका नोटिशीचा वकिलाचा खर्चच त्याहून अधिक होतो. धोका विभागला जातो म्हणून जे तुकडे केले, त्याच तुकड्यांमुळे वसुलीचा प्रत्येक मार्ग बंद झाला, आणि कंपनी मात्र आपण केवळ मध्यस्थ आहोत असे म्हणून मोकळी झाली. रिझर्व्ह बँकेकडे ऑनलाइन तक्रार केली, तेव्हा ती लोकपालांच्या कक्षेत बसत नाही असे कळवून दुसऱ्या कक्षाकडे पाठवली गेली, आणि तेथून कंपनीचेच उत्तर मला अग्रेषित करण्यात आले. अशा कंपनीने परताव्याची हमी देऊ नये हा नियम ऑक्टोबर २०१७ पासून आहे. असे असताना ‘कधीही काढा’ ही जाहिरात उघडपणे चालू होती, तेव्हा ती पाहण्याचे काम कोणाचे होते? माझ्यासारख्या निवृत्त माणसाने मुद्दल गमावल्यावर नियम स्पष्ट करणे म्हणजे संरक्षण नव्हे.

ज्यांचे पैसे अजून आत आहेत त्यांनी नवीन कर्ज देणे आज थांबवावे. कंपनीला दरमहा आपली थकबाकी जाहीर करावी लागते. ती आकडेवारी संकेतस्थळावर सापडत नसेल तर तेवढ्यावरूनच तक्रार करा. प्रत्येक करारपत्र, मासिक विवरण आणि ‘कधीही काढा’ असे लिहिलेल्या पानाचे छायाचित्र आपल्याकडे उतरवून ठेवा. माझ्या ॲपवरील जुनी जाहिरात काढून टाकली गेली, आणि पोलिसांनी मागितलेला तो एकमेव पुरावा मला दाखवता आला नाही.