मुलांसह दीर्घकाळ परदेशी: एकच मुक्काम की सतत फिरती?

लहान मुलांना घेऊन सहा महिने किंवा वर्षभर परदेशी राहायचे ठरले, की पालकांपुढे दोन मार्ग असतात. एका गावी घर भाड्याने घेऊन तिथूनच आसपास हिंडायचे, किंवा दर आठ-दहा दिवसांनी मुक्काम हलवत अनेक देश पाहायचे. खर्चाचा हिशेब मांडण्याआधी मुलाच्या दिनक्रमाचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

फिरतीत मोठ्यांना नावीन्याचा आनंद मिळतो; तीन वर्षांच्या मुलाला मात्र रात्री जाग आल्यावर दार कोणत्या बाजूला आहे, हेही दर मुक्कामी नव्याने शिकावे लागते. त्यातच घड्याळातल्या एका तासाच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला ढोबळमानाने एक दिवस लागत असल्यामुळे, पाच-सहा तासांचा फरक पडला की मूल रुळेपर्यंत सामान पुन्हा बांधायची वेळ येते. एकाच गावी राहिल्यास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बागेतल्या झोपाळ्यापाशी तेच सवंगडी भेटू लागतात आणि तिथल्या भाषेतले पाच-दहा शब्द मुलाच्या तोंडी आपसूक बसतात. शिवाय महिन्याच्या बोलीने घेतलेले घर रोजच्या दरापेक्षा बहुधा स्वस्त पडते, आणि आजारी मुलाला मऊ भात करून घालायला स्वयंपाकघर हाताशी असते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र पारडे फिरतीकडे झुकते. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पकालीन पाहुण्याला सगळे देश मिळून कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. त्याहून लांबलेल्या मुक्कामासाठी त्या देशाचा दीर्घकालीन व्हिसा लागतो. पोर्तुगालने ऑक्टोबर 2022पासून दूरस्थ काम करणाऱ्यांना असा व्हिसा देऊ केला, पण त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. अनेक देशांत 183 दिवसांनंतर करदायित्वही येते. मूल शाळेच्या वयाचे असेल, तर जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणे सक्तीचे असून घरी शिकवण्याचा पर्याय जवळपास नाही, हे घर घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

मूल दोन वर्षांच्या आत असेल, तर आंतरराष्ट्रीय विमानात ते मांडीवर बसून, बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांत प्रवास करते. दुसऱ्या वाढदिवसानंतर स्वतंत्र आसन घ्यावे लागते. त्यामुळे तान्ह्या मुलासह फिरती स्वस्त भासते, पण लसींचे वेळापत्रक याच वयात सर्वांत घट्ट असते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस साधारणपणे नऊ महिन्यांनंतरच देतात आणि काही देशांत प्रवेशासाठी लागणारे तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य ठरते. एकच डॉक्टर सगळे डोस पाहत असेल, तर ही गुंतागुंत बरीच सुटते.

म्हणून मूल सहा वर्षांपेक्षा लहान असेल, तर मी एकाच मुक्कामाची शिफारस करेन. त्यापुढच्या वयाच्या मुलांना नकाशा आणि आगगाडीचे वेळापत्रक यांत रस वाटू लागतो, तेव्हा फिरती जरूर करावी; मात्र प्रत्येक ठिकाणी किमान तीन आठवडे ठेवावेत, आणि त्यातला पहिला आठवडा प्रेक्षणीय स्थळांविना मोकळा सोडावा.