नोकरी सांभाळून एमए, चौदा महिन्यांनंतर: त्या कॅप्शनचे पैसे मला अजून परत हवे आहेत

विद्यापीठाकडे टाकलेलं माझं सहावं तक्रार-तिकीट काल बंद झालं. कारण दिलंय, 'आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने'. त्या ओळीच्या बरोबर वर माझाच प्रतिसाद दिसतोय, तारखेसकट. तेव्हा म्हटलं, आता या एमएचं परीक्षण सविस्तर लिहूनच टाकावं.

क्रेडिट किती, सत्रं किती, प्रवेशाला काय लागतं हे सगळं माहितीपत्रकात असतं, ते इथे उगाळत नाही. मी शाळेत जर्मन शिकवते, आठवी-नववीला, आठवड्याला 24 तास. अकरा वर्षं झाली. परकीय भाषा शिकवणाऱ्या नोकरदार शिक्षकांसाठीचं हे एमए ऑनलाइन आणि अर्धवेळ आहे. तीन सत्रं झाली, चौथं चालू आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पदवी अजून त्यांच्या हातात आहे.

दर सत्राच्या बिलात शिकवणीच्या फीखाली एक ओळ असते: तंत्रज्ञान शुल्क. माझ्या पगाराच्या हिशेबात साडेतीन दिवस. म्हणजे सोमवार ते गुरुवार दुपारपर्यंत मी त्या ओळीसाठी शिकवते. पहिल्या सत्रात विचारलं, यात मिळतं काय? उत्तर आलं, पोर्टल, व्हिडिओ साठवण आणि आपोआप कॅप्शन करणारं टूल. पोर्टल तर लागणारच. व्हिडिओ मी माझ्या हार्ड डिस्कवर ठेवू शकते. राहिलं टूल. ते वसूल करायचंच असं मी तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या सत्रातली मोठी असाइनमेंट अशी: स्वतःच्या वर्गाचं सलग 12 मिनिटांचं चित्रण, त्याचा शब्दशः उतारा, आणि मुलांच्या चुकांवर आपण काय करतो याचं विश्लेषण. सूचनेत लिहिलं होतं, 'टूल मसुदा तयार करेल, आपण फक्त तपासावा, साधारण अर्धा तास.'

अर्धा तास!

चित्रणाआधीचंच बघा. पालकांची संमतीपत्रं लागतात. 28 पैकी 26 आली. उरलेल्या दोघांना कॅमेऱ्याच्या मागे बसवलं. त्यातला एक वर्गातला सगळ्यात बोलका, त्यामुळे तो दिसत कुठेच नाही आणि ऐकू सगळीकडे येतो. त्याचा आवाज काढून टाकण्यात एक रविवार गेला. हे काम कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. नोकरी करता करता एमए करायचं म्हणजे आपलाच वर्ग आपली प्रयोगशाळा असं म्हणतात, पण प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पालक सही करायला विसरत नाहीत.

मग फाइल चढवली. टूलमध्ये भाषेचा रकाना एकच, भाषा एकच निवडता येते. माझ्या वर्गात दोन भाषा चालतात, जगातल्या कुठल्याही परकीय भाषेच्या वर्गात चालतात. जर्मन निवडली तर 'वही काढा'चं काहीतरी जर्मन कडबोळं तयार झालं. हेही चालवून घेतलं असतं. पण खरा घोळ पुढे होता.

एक मुलगा म्हणतो, 'इश हाबे नाख हाउझ गेगांगन.' मी घरी गेलो. जर्मन येत असेल त्यांना कळलंच असेल, तिथे 'हाबे' नाही, 'बिन' हवं. जाण्या-येण्याच्या क्रियापदांना भूतकाळात दुसरं सहायक लागतं. ही चूक नेमकी मला हवी होती, असाइनमेंट तिच्याबद्दलच होती. आणि टूलने काय लिहिलं? 'इश बिन नाख हाउझ गेगांगन.'

मी तीनदा ऐकलं. मुलगा स्वच्छ 'हाबे' म्हणतोय. टूलला मात्र 'बरोबर' वाक्यांची इतकी सवय की ऐकू आलं ते न लिहिता त्याने असायला हवं ते लिहिलं. 12 मिनिटांत अशा चौदा चुका गुपचूप दुरुस्त केल्या होत्या. चुकांचा अभ्यास करायचाय आणि यंत्र चुकाच पुसून देतंय. ही तर पुरावे धुऊन ठेवणारी मोलकरीण! आणि तिचा पगार मी देतेय.

पहिलं तिकीट टाकलं. उत्तर: ब्राउझरची कॅशे साफ करा. दुसरं: वेगळा ब्राउझर वापरा. तिसरं: चांगल्या प्रतीचा माइक घ्या. चौथ्या वेळी मी 14 चुकांचा तक्ता जोडला, वेळेसकट, म्हटल्याप्रमाणे आणि छापल्याप्रमाणे असे दोन रकाने. उत्तर आलं, 'तक्त्यावरून दिसतं की कॅप्शन व्याकरणदृष्ट्या अचूक आहेत.' यावर माणसाने काय बोलावं.

शेवटी हाताने उतरवलं. दोन रात्री, एकूण साडेपाच तास, 12 मिनिटांच्या मजकुराला. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांची बोलणं उतरवण्याची खुणांची पद्धत वापरायची होती: कोण कोणाच्या बोलण्यावर बोललं ते चौकटी कंसात, आणि थांबणं साध्या कंसात, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मी स्वतःचंच गप्प बसणं मोजत होते. मोजायला फारसं काही नव्हतं, हे लवकरच कळलं.

इथपर्यंत हा अनुभव दोन तारे देऊन संपणार होता. मसुदाही तयार होता, त्यातली काही विशेषणं चांगली जमली होती. मग दुसऱ्या रात्री चौथ्या मिनिटाशी आले.

मुलगा: इश हाबे नाख हाउझ गेगांगन.
मी: आह, डू बिस्ट नाख हाउझ गेगांगन! उंट डान?
मुलगा: या.

बस, 'या'. हो. मी त्याचं वाक्य दुरुस्त करून परत म्हटलं ('तू' आला की 'बिन'चं 'बिस्ट' होतं) आणि लगेच 'मग पुढे?' विचारलं. त्याला वाटलं बाई गप्पा मारतायत. मला वाटलं मी सुधारणा केली. दोघंही खूश, आणि 'हाबे' जागच्या जागी. दोन मिनिटांनी तो पुन्हा 'हाबे' म्हणतो, मी पुन्हा 'बिस्ट', तो पुन्हा 'या'.

अशा माझ्या 23 दुरुस्त्या निघाल्या. त्यातल्या 17 याच जातीच्या, म्हणजे रीकास्ट: चूक दाखवायची नाही, बरोबर रूप घालून वाक्य परत म्हणायचं. त्या सतरांपैकी तीनदा मुलांनी बरोबर रूप उचललं. अकरा वर्षं मी अशीच शिकवतेय आणि 'मुलांना टोकत नाही' म्हणून स्वतःवर खूशही होते.

गंमत म्हणजे हे सगळं मी वाचलेलं होतं. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या चार फ्रेंच इमर्शन वर्गांचा, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा, अभ्यास छापला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रीकास्ट, आणि मुलांकडून काही ना काही प्रतिसाद येण्याचं प्रमाण सहा प्रकारांत त्यांचंच सगळ्यात कमी, 31 टक्के. दुसऱ्या आठवड्यातलं वाचन. माझ्या पीडीएफमध्ये तो परिच्छेद पिवळा केलेला आहे. पिवळा केला आणि विसरले. साडेपाच तास हेडफोन लावून स्वतःला ऐकलं तेव्हा तो आत गेला.

थांबण्याचंही तसंच. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलं बोलायला लागतात. माझी सरासरी 0.9 सेकंद. सर्वांत लांब थांबा होता 4.2 सेकंदांचा, आणि तेव्हा मी खडू शोधत होते.

आता टूल नीट चाललं असतं तर? अर्ध्या तासात मसुदा तपासून मोकळी झाले असते. आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला त्यानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं, हे कबूल करायला लागतंय. मात्र म्हणून मोडक्या टूलचे पैसे घेणं बरोबर ठरत नाही. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये फुकट होतं.

तर मी दोन आठवडे रीकास्ट बंद केले. चूक झाली की थांबायचं, भुवई वर करायची, 'इश...?' म्हणून वाक्य अर्धं सोडायचं, मुलाने स्वतः भरायचं. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटला. 'हाबे' म्हणता म्हणता मुलं 'बिन'वर यायला लागली. मी तिसऱ्या सत्राच्या अहवालाचा पहिला परिच्छेद मनात लिहूनही ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी, वर्गात तशी अबोल, म्हणाली, 'इश बिन गेश्लाफन.' मी झोपले. इथे उलट 'हाबे'च बरोबर! माझ्या भुवईने त्यांना एवढंच शिकवलं होतं की बाईंना 'हाबे' आवडत नाही. मी भुवई पुन्हा वर केली, ती बसली, आणि त्या आठवड्यात तिने परत हात वर केला नाही. वर्गाचं पोलीस ठाणं झालं होतं. अहवालावर मार्गदर्शक प्राध्यापिकेने समासात एवढंच लिहिलं, 'लगेच बरोबर बोलला म्हणजे शिकला असं नाही, आणि नाही बोलला म्हणजे नाहीच शिकला असंही नाही.' सगळ्या एमएमध्ये मला वाटतं या समासातल्या ओळींचेच पैसे खरे वसूल होतात. सत्राला अशा पाच-सहा ओळी येतात. महाग पडतात, पण मिळतात.

त्या 'गेश्लाफन'वरून वर्गात जे झालं ते सांगते. कॅमेऱ्यामागचा तो बोलका म्हणाला, 'मॅडम, मी गेलो, मी आलो, मी पडलो, तिथे बिन. मी धडा वाचला, मी पत्र लिहिलं, तिथे हाबे. कर्तरी तिथे बिन, कर्मणी तिथे हाबे. मग मी झोपलो कर्तरीच आहे ना?' मी खडू खाली ठेवला. नियम चुकीचा आहे, पण काय सुंदर चुकीचा आहे! गेलो, आलो, पडलो, सगळ्यांना लागू पडतो. हसलो, रडलो, झोपलो आले की फसतो, कारण जर्मनला हालचाल हवी किंवा अवस्थेतला बदल. मग फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: रात्रभर झोपलो होतो, 'हाबे गेश्लाफन'. झोप लागली, 'बिन आइनगेश्लाफन'. जागेपणातून झोपेत गेलो, म्हणजे बदल झाला, म्हणून बिन. अबोल मुलगी म्हणाली, 'म्हणजे डोळा लागला ते बिन.' तिने हात वर केला नव्हता, पण चालेल.

हे संभाषण पूर्ण मराठीत झालं. आमच्या कार्यक्रमात शिकवताना 90 टक्के वेळ परकीय भाषाच वापरा असा आग्रह आहे. अमेरिकेतल्या परकीय भाषा शिक्षकांच्या परिषदेची, अ‍ॅक्टफलची, 2010 पासूनची तशी शिफारस आहे आणि तिच्यामागचं कारण मला पटतं: मुलांना भाषा दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? माझ्या 12 मिनिटांत ती 58 टक्के निघाली, त्याबद्दल गुण गेले, ते योग्यच. पण त्या दिवशीची सात मिनिटं मी जर्मनमधून घेतली असती तर तो नियम जन्मालाच आला नसता. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच म्हटलं होतं की शिकणाऱ्याच्या चुकांवरून तो कुठल्या नियमाने चाललाय ते कळतं. इथे तर मुलाने नियमच हातात आणून दिला.

बाकीचं थोडक्यात. चर्चाफलक म्हणजे शिक्षा: आठवड्याला स्वतःची एक पोस्ट आणि दुसऱ्यांच्या दोन पोस्टना उत्तर, 150 शब्दांच्या वर. सगळे शिक्षकच, त्यामुळे सगळे एकमेकांना 'छान मुद्दा मांडलात' म्हणतात. रविवारी मध्यरात्रीची मुदत विद्यापीठाच्या घड्याळाने असते, ते आधी बघून घ्या, माझी पहिली असाइनमेंट त्यातच गेली. गटकार्याबद्दल न बोललेलं बरं. वाचनालय मात्र सोन्यासारखं आहे. पदवी मिळाली की प्रवेश बंद होणार, म्हणून मी रोज दोन लेख उतरवून ठेवते. 612 झालेत. त्यातले किती वाचेन विचारू नका, फी भरलीय. बोलण्याची पातळी सिद्ध करणारं प्रमाणपत्र दोन वर्षांहून जुनं चालत नाही, माझं सव्वादोन वर्षांचं होतं. परत परीक्षा, परत पैसे. अकरा वर्षं रोज जर्मन बोलतेय याचा पुरावा शाळेच्या पत्राने होत नाही म्हणे.

घ्यावं का? ज्यांचा स्वतःचा वर्ग चालू आहे त्यांनी घ्यावं, कारण अर्ध्या असाइनमेंट वर्गाशिवाय पोकळ आहेत. नुसती पगारवाढ हवी असेल तर आधी शाळेकडून लेखी घ्या की ही पदवी धरतील. माझ्या एका सहाध्यायीने एमए निम्मं झाल्यावर विचारलं, आणि त्यांच्या संस्थेत ती धरतच नाहीत असं कळलं. दुसरं, पहिल्याच सत्रात बारा नाही तर निदान पाच मिनिटं स्वतःचा वर्ग हाताने उतरवून बघा, कोणी सांगो न सांगो.

तारे: चार देणार होते. टूलचा अर्धा कापलाय.

चौथ्या सत्राचं बिल परवा आलं. तंत्रज्ञान शुल्काची ओळ तशीच आहे, रक्कम थोडी वाढलीय, आणि खाली नवी टीप आहे: कॅप्शनची अचूकता आता सुधारली आहे. जुनी फाइल परत चढवून पाहिली. मुलगा म्हणतो 'हाबे', टूल लिहितं 'बिन', आणि आता शेवटी पूर्णविरामही देतं. सातवं तिकीट टाकलंय.