स्टेपनी गाडीच्या पोटाखाली हवी की मागच्या दारावर?

इनोव्हा क्रिस्टा किंवा अर्टिगाची स्टेपनी मागे पोटाखाली टांगलेली असते, बोलेरोची मागच्या दारावर. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, डिकीत पंक्चर किट ठेवलेलं असतं. सात सीटर घ्यायची असेल तर हा फरक चाचणी फेरीच्या आधी बघून घ्यावा, कारण नंतर तो बदलता येत नाही.

पोटाखाली टांगायचं कारण उघड आहे. तिसरी रांग बसवली की डिकीत चाकाला जागा उरत नाही. शिवाय महाबळेश्वरच्या वाटेवर पंक्चर झालं तर सगळ्या बॅगा रस्त्यावर काढायला लागत नाहीत. डिकीच्या कडेला किंवा बंपरजवळ एक भोक असतं. त्यात दांडा घालून पाना फिरवला की वायरवर किंवा साखळीवर लटकलेलं चाक आडवंच खाली येतं. वायर सैल पडली की चाकाच्या मधल्या भोकात अडकलेली पट्टी तिरकी करून सोडवायची. हे काम जॅक लावायच्या आधी उरकावं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, मग घाई कितीही असो.

मोठ्या व्हॅनमध्ये कधी वायरऐवजी लोखंडी पाळणा असतो. बोल्ट सैल केला की पाळण्याची मागची बाजू खाली येते आणि चाक ओढून काढता येतं. यात वायर तुटायची भीती नाही, पण बोल्ट उघड्यावर असतो, तो गंजतो. शिवाय परत बसवताना चाकासकट पाळणा हातानेच उचलायचा. सोळा इंची पोलादी चाक टायरसह वीस किलोच्या आसपास भरतं. कंबरदुखी असलेल्या माणसाला मी वायरवाली विंचच (पाना फिरवून वायर गुंडाळणारी चरखी) सांगेन.

खरा त्रास काढण्या-घालण्याचा नसून न काढण्याचा आहे. पोटाखालच्या चाकावर पावसाळाभर चिखल उडतो, आणि कोकणात त्यावर खारी हवा. चार वर्षं कुणी हात लावला नाही की विंच जाम होते, आणि ते कळतं ते नेमकं घाटात. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, चाक पूर्ण खाली घ्यावं. वायरचे पीळ सुटलेत का बघावं, चिखल धुवावा, बोल्टला आणि वायरला ग्रीस लावावं. परत चढवताना चाक सरळ आणि घट्ट बसलं पाहिजे. काही विंच शेवटी टकटक वाजतात. वाजो न वाजो, हाताने हलवून बघावं. डुलणारी स्टेपनी खड्ड्याखड्ड्याला वायर झिजवते.

हवेची गोष्ट वेगळीच. पेट्रोल पंपावरचा मुलगा चार चाकांत हवा भरतो. व्हॉल्व गाडीकडे तोंड करून असेल तर पोटाखालच्या पाचव्या चाकापर्यंत त्याची नळी पोचतच नाही. टायरची हवा उभ्या गाडीतही महिन्याला साधारण एक पीएसआय उतरते, त्यामुळे चाक खाली घ्याल तेव्हा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरून ठेवा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही तेव्हाच वाचून घ्या. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी दहा वर्षांच्या टायरवर घरची माणसं बसवू नयेत.

दारावरच्या स्टेपनीला यातलं काहीच नको. ती रोज दिसते, हवा उभ्या उभ्या भरता येते, काढायला दोन-तीन नट. पण दार जड होतं, बिजागऱ्यांवर भार येतो, आणि आडवं उघडणारं दार भिंतीला चिकटून लावलेल्या गाडीत उघडत नाही. मागून कुणी ठोकलं तर पहिला मार चाकाला, तिथून दाराला. चोरीचं भय दोन्हीकडे आहे, कुलूप दोन्हीकडे लावावं. पोटाखालच्या कुलपातही वर्षातून एकदा तेल सोडायला विसरू नका.

राहिलं किट. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल केंद्रीय नियमांत 2020 मध्ये झाला. खिळा घुसला तर किट काम भागवतं. खड्ड्याच्या कडेवर टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि आपल्या रस्त्यांवर हे किती वेळा होतं ते चालवणाऱ्याला माहीत आहे.

गाडी शहरातच फिरणार असेल, टोइंगची सोय हाताशी असेल, तर किट पुरे. भाड्याने चालवणाऱ्याला किंवा दर महिन्याला गावी जाणाऱ्याला पोटाखालची स्टेपनी बरी, फक्त ती खाली घेणारा माणूस घरात हवा. तसा कुणी नसेल आणि गाडी कच्च्या रस्त्यावर जाणार असेल तर मी दारावरचीच घेईन.

सीएनजीवाली घेत असाल तर आणखी एक बघा. बाहेरून सिलिंडर बसवून घेतलेल्या गाडीत दांड्याचं भोक त्याच्या खाली जाऊ शकतं. जुनी गाडी असो वा नवी, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला स्टेपनी तुमच्यासमोर खाली घ्यायला आणि परत चढवायला सांगा.