फोम, सिलिकॉन की फिल्टर? हायवेवर आठ महिने इअरप्लग वापरल्यानंतर

हेल्मेट चांगलं असलं की कानाला धोका नाही, ही समजूत आधी सोडा. ताशी ६५ किमीच्या आसपास वाऱ्याचा आवाज इंजिन आणि सायलेन्सरवर मात करतो. हेल्मेटच्या कडा, हनुवटीचा भाग आणि मान इथे हवेचे भोवरे होतात, त्यातून हा घरघराट तयार होतो. महाग फुलफेसमध्येही (हनुवटीसकट पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट) ८० ते १०० च्या वेगाला कानाशी ९० ते १०० डेसिबल सहज होतात. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही सुरक्षित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. पुण्याहून कोल्हापूरला निघालात तर खंबाटकीपर्यंतच दिवसाचा कोटा संपत आलेला असतो.

लांबच्या रनसाठी माझं मत फोमलाच. थ्रीएमचा ११०० हा केशरी प्लग टपरीवरच्या चहाच्या किमतीत जोडी मिळतो. त्याचा एनआरआर २९ आणि एसएनआर ३७ डेसिबल, म्हणजे प्लग किती आवाज अडवतो त्याची अनुक्रमे अमेरिकी आणि युरोपी मापं. हे दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे आहेत, एका प्लगचा एनआरआर दुसऱ्याच्या एसएनआरशी ताडून बघू नका. शिवाय हा प्रयोगशाळेतला आकडा. फोमसाठी तो निम्मा धरावा असा अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा १९९८ चा सल्ला होता. कारण बहुतेक जण प्लग अर्धवटच घालतात.

घालायचा असा: बोटं कोरडी आणि स्वच्छ. प्लग चिमटीत नुसता दाबू नका, वळून वातीसारखा बारीक करा. घडी पडली तर तिच्यातून हवेला वाट मिळते आणि वाऱ्याची खर्जातली घरघर तशीच आत येते. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. थंडीत फोम हळू फुगतो, तेव्हा आणखी थोडं थांबा. दोन्ही तळवे कानांवर दाबून सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा वळा.

एवढं करूनही हेल्मेट घालताना सगळं बिघडतं. बाहेर आलेलं टोक चीक पॅडला, म्हणजे हेल्मेटमधल्या गालाजवळच्या गादीला घासतं आणि प्लग तिरका होतो. हेल्मेटचे बंद दोन्ही बाजूंना ताणून धरा, मग डोकं आत घाला. तासाभराने कान ठणकत असेल तर लहान किंवा मऊ प्लग घ्या. दोन कानांना दोन मापं लागणंही अगदी स्वाभाविक आहे.

तीन कडांचे सिलिकॉन प्लग धुता येतात, पावसाळ्यात आणि ग्लोव्हज काढघाल करताना सोयीचे. पण दांडी लांब, जबडा हलला की सील सुटतं. बारीक छिद्रातून थोडा आवाज आत सोडणारे फिल्टरवाले प्लग शहरात आणि इंटरकॉमवर बोलायला चांगले, मोकळ्या हायवेवर मला कमी पडतात. त्यांच्या बारीक छिद्रात मळ अडकतो. रोज पुसा, आणि फिल्टर धुवायचा की नाही ते पाकिटावर वाचा. कापसाचे बोळे विसरा, त्यांनी आवाज फारसा अडत नाही.

हॉर्न ऐकू येईल का, ही शंका रास्त आहे. वेगात येतो, कारण वारा आणि हॉर्न दोन्ही एकत्रच कमी होतात. गावात हळू चालवताना मात्र हा फायदा उरत नाही, तिथे मी फोम काढूनच ठेवायला सांगेन.

फोमची जोडी तीन-चार वेळा वापरून टाकून द्या. कडक झाली, मळली किंवा वळल्यावर लगेच फुगू लागली तर त्याआधीच. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घालू नका. काढताना झटका देऊ नका, पडद्यावर ताण येतो. आधी थोडा पिळून सील सोडवा, मग सावकाश ओढा.